दोन गाठींचा पेनड्राइव्ह

आमच्या वडगावात माग थांबला
की समजायचं, वीज गेली.
माझा कॉम्प्युटर वीज असतानाही थांबायचा,
दर चाळीस मिनिटांनी
बोलणारी बाई मध्येच गप्प.
चोरीची ती. अल्ताफनं कुठून तरी आणून बसवलेली.
खरी घ्यायची तर दादाच्या मागावर
किती साड्या उतरायला लागतील,
हिशेब मांडला होता एकदा.
बेरीज यायच्या आत बाई गप्प.

बसलिंगप्पा सर हुबळीहून फोनवर म्हणाले,
"लिनक्स हाकम्मा."
सर माझ्यासारखेच, जन्मापासून.
"कुठलं?" म्हटलं तर हसले.
"तेच तर! दुकानात शंभर लुगडी.
डोळसांना विचारू नको, ते रंग सांगतील."

शनिवारी अल्ताफनं तीन पेनड्राइव्ह आणले.
मागाखालचा तुटका धागा घेतला,
एकाला एक गाठ, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन.

एक गाठ.
पंखा फिरला. मग काही नाही.
"आलं की बग," अल्ताफ म्हणाला, "निळे निळे डोंगर."
मी हात मांडीवर ठेवून बसले.
"मालनताई, सेटिंगमध्ये जाऊन आवाज चालू करा की."
सेटिंगमध्ये जायला आवाज पाहिजे,
आवाजाला सेटिंग.
किल्ली आत ठेवून ओढून घेतलेलं दार.

मग तीन गाठींचा, मुद्दाम.
हा बोलला. गोड बोलला.
बसवून झाल्यावर पुन्हा चालू केला
तर पासवर्डच्या उंबऱ्यावर मुका.
अंदाजानं टाइप केलं. चुकलं. परत चुकलं.
शेवटी अल्ताफला मोठ्यानं सांगावा लागला
माझा पासवर्ड,
आईचं लग्नाआधीचं नाव,
बाहेर माग चालू होता म्हणून आणखी मोठ्यानं.
तेवढ्यावरच तो बाद.

दोन गाठी.
टुक्.
एवढंच. फरशीवर मणी पडावा तसं.
सरांनी सांगितलेलं, टुक् झालं की एस, मग एंटर.
आणि पत्र्याच्या डब्यात तोंड घालून
कुणी तरी बोललं, नाकातून, घाईघाईनं,
पण पहिल्या पायरीपासून.
भाषा निवडा म्हणालं, इंग्रजीतून.
बाणाची कळ दाबत खाली गेले.
कन्नड आलं.
आणखी थोडं खाली, मराठी.

या दोन नावांवरून इथं
पाट्यांना डांबर लागतं.
मी एकही पाटी पाहिलेली नाही.
शाळेत क म्हणजे टिंब एक, टिंब तीन,
मराठीच्या तासाला.
कन्नडच्या तासालाही टिंब एक, टिंब तीन.
बाई बदलायच्या, घंटा व्हायची,
बोट तिथंच.

निवडलं इंग्रजीच. तत्त्व वगैरे काही नाही,
सर फोनवर कळा इंग्रजीत सांगतात म्हणून.
वाचायला मात्र मराठी आवाज लावला.
तो मला मालना म्हणतो.
म्हणू दे. दादाचा मुकादम तर
अजून "ती आंधळी" म्हणतो.

"सोपं आहे काय गं?" दादानं विचारलं.
सोपं? एकदा सगळं पुसून गेलं,
वायफाय दोन दिवस रुसलं,
प्रिंटरचं तर अजून नावच काढलेलं नाही.
पण जिथं अडले
तिथं त्यानं सांगितलं, इथं अडलीस.
आजवर कुठलं यंत्र एवढं बोललं होतं?

एक गाठ अल्ताफला परत केली.
"दिसायला हेच भारी होतं," तो हळहळला.

परवा दुपारी वीज गेली, माग थांबले.
बॅटरीवर हा बोलतच राहिला,
सगळ्या गल्लीत एकटा, नाकातून.
चाळीस मिनिटं कधीच उलटली होती.
जुना हिशेब काढला, आता उपयोग नसलेला,
आणि बेरीज होऊ दिली.
आकडा आला.
त्यानं तो स्पष्ट वाचला, दोनदा.
दादाला सांगितला नाही.